एका नंबरावर बावीस बिऱ्हाडं

तीर्थरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून, आणि राग अजून शिल्लक असेल तर दोन्ही कान धरून, नमस्कार. तुमचा डावा गुडघा आणि उजवीकडचे शेजारी कसे आहेत? गेल्या वर्षी दोघांनीही तुम्हाला फार छळलं होतं. गुडघ्याला शेक द्या. शेजाऱ्यांना काय द्यायचं ते मी तुम्हाला सांगायला नको. मी इथे खुशाल आहे, म्हणजे दोन वेळा जेवतो, वजन कमी झालेलं नाही, फक्त प्रेमात पडलेलो आहे. (समोर असताना मी तुम्हाला अगं-तुगं करतो आणि इथे अहो-जाहो चाललंय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. निवृत्त मुख्याध्यापिकेला काहीही लेखी द्यायचं म्हटलं की माझं पेन आपोआप सावधान उभं राहतं.) मी कॉलेज सोडल्यापासून तुम्ही माझे फोन उचलत नाही, ते योग्यच आहे. पण पत्र आलं की तुम्ही ते आधी शुद्धलेखनासाठी आणि मग मजकुरासाठी, असं दोनदा वाचता हे मला माहीत आहे. म्हणून हा मार्ग.

आधी कॉलेजचं सांगून टाकतो, कारण बाबांनी तुम्हाला सांगितलेली हकीकत अर्धी आहे. कॉलेजात हजेरीसाठी अंगठा लावायचं यंत्र बसवलं. मी थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि ठणकावून सांगितलं की माझा अंगठा माझ्या मालकीचा आहे, तो कुणाच्या डबड्यात साठवून ठेवायला मी देणार नाही. प्राचार्य शांतपणे म्हणाले, बाळ, यंत्र यायच्या आधीची तुझी हजेरी एकतीस टक्के आहे. मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, हजेरीचाही आहे. मग मी डोक्यात राख घालून बाहेर पडलो, आणि फाटकापर्यंत पोचेतो राख निवली होती, पण परत जायला लाज वाटली. (ही उरलेली अर्धी हकीकत. बाबांना सांगू नका.)

आणि बघा कसा सूड उगवला गेला माझ्यावर. ज्या शहाण्याने स्वतःचा अंगठा दिला नाही, तो आता दिवसभर दुसऱ्यांचे नंबर गोळा करतो. औषधांच्या एका मोठ्या साखळीची इथे शाखा आहे, तिथे मला काम मिळालं. पुढे काउंटरवर फार्मासिस्ट बाई असतात. गिऱ्हाईक आलं की त्या औषध देतात आणि मोबाईल नंबर विचारतात, कारण नंबर दिल्याशिवाय सवलत नाही. मी मागच्या खोलीत. खोली म्हणजे, खोकी रचून उरलेल्या जागेत एक खुर्ची, एक कॉम्प्युटर आणि भिंतीत एक उभी काच, जिच्यातून काउंटरपलीकडच्या माणसांचा नाकापासून गळ्यापर्यंतचा भाग दिसतो. कोणत्या नंबरावर काय विकलं गेलं, नंबराचे आकडे पुरे आहेत का, पत्ता आहे का, हे तपासून संध्याकाळी हेड ऑफिसला पाठवायचं. आमच्या साहेबांना आम्ही ‘डेटासाहेब’ म्हणतो. त्यांच्या मते माणूस म्हणजे त्याने विकत घेतलेल्या वस्तूंची बेरीज. आत्या, मी हसायचो, पण खरं सांगतो, माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता. मध्यंतरी खोकल्याच्या औषधाचा एक लॉट खराब निघाला, तेव्हा ती बाटली नेलेल्या एकशेबारा घरांना आम्ही जेवणाच्या सुट्टीआधी फोन केले आणि संध्याकाळपर्यंत एकशेनऊ बाटल्या परत आल्या. नंबर नसते तर दुकानावर पाटी लावून देवावर हवाला ठेवावा लागला असता. त्या दिवशी मला माझ्या खुर्चीचा अभिमान वाटला. आणि अभिमान वाटला की मी काय करतो ते तुम्हाला पहिलीपासून ठाऊक आहे.

आमच्या समोर चष्म्याचं दुकान आहे. तिथे डोळे तपासणारी एक मुलगी आहे. तिचं वर्णन मी करणार नाही, कारण मागे एकदा मी तुम्हाला कविता पाठवली होती आणि तुम्ही ती लाल शाईने तपासून परत पाठवली होती. एवढंच सांगतो की सगळ्या गावाला चष्मे लावणारी ती स्वतः चष्मा लावत नाही, तरी मी तिचं नाव मनातल्या मनात ‘चष्मेवाली’ ठेवलं. एका सकाळी अकरा चाळीसला ती आमच्याकडे डोळ्यांत घालायचे थेंब घ्यायला आली. काचेतून मला नाकापासून गळ्यापर्यंत ती दिसली आणि तेवढी पुरली. मी कॉम्प्युटरवर अकरा चाळीसला विकलेले थेंब शोधले, त्यापुढचा नंबर पाहिला, आणि त्या नंबरावरची वर्षभराची खरेदी उघडली. (बघायची परवानगी होती का, असं तुम्ही विचाराल. मला बघता येत होतं. बघता येणं आणि बघणं योग्य असणं, यात फरक असतो हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं. तिसऱ्या वर्षाला असेल. मी दुसऱ्यातच बाहेर पडलो.)

आत्या, ती यादी वाचून माझ्या पायाखालची जमीन सरकली. केस काळे करायचा रंग. उवांचा शांपू, तीनदा. गुडघ्याचे पट्टे, दोन्ही पायांचे. घोरणं थांबवायच्या नाकपट्ट्या. सिगारेट सोडण्यासाठी चघळायच्या गोळ्या, त्या अचानक बंद, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू. कवळी धुवायची पावडर! ज्या दातांवर मी आठ ओळी लिहिल्या होत्या ते दात रात्री पेल्यात असतात, हे कळल्यावर दुसरा कुणी असता तर दुकान बदलून गेला असता. मी नाही गेलो. मी तीन दिवस विचार केला आणि ठरवलं की खरं प्रेम कवळीला भीत नाही. उलट मला तिचं कौतुक वाटायला लागलं. एवढ्याशा वयात एवढे आजार अंगावर घेऊन ही मुलगी दिवसभर लोकांना हसतमुखाने ‘खालची ओळ वाचा’ म्हणते! मी रोज तिची यादी उघडायचो, जशी तुम्ही रोज पेपरातली निधनवार्ता वाचता, काळजीपोटी.

आणि मग एका बुधवारी त्या नंबरावर गरोदरपणात घ्यायच्या गोळ्या आल्या.

कुणीतरी हरामखोराने हिला फसवलंय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. मी खुर्ची मागे लोटली, दोन खोकी पाडली, रस्ता ओलांडला (सिग्नल बघितला नाही, एका सायकलवाल्याने माझा आणि तुमच्या भावाचा एकत्र उद्धार केला) आणि चष्म्याच्या दुकानात शिरलो. ती एका आजोबांचे डोळे तपासत होती. आजोबांच्या नाकावर ती तपासणीची लोखंडी चौकट, समोर अक्षरांचा तक्ता. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली. मी म्हणालो की घाबरू नकोस, मला सगळं कळलंय, तो कोण आहे ते मला सांगूही नकोस, बाळाला माझं नाव लावू, आणि गुडघे, घोरणं, सिगारेट, कवळी या सगळ्यांसकट मी तुला स्वीकारायला तयार आहे.

मग लोखंडी चौकटीतून आजोबा म्हणाले, “अरे बाबा, कवळी माझी आहे.”

ते तिच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांनी चौकट न काढता, एक डोळा झाकलेल्या अवस्थेत, मला सगळा उलगडा केला. इमारतीत बावीस बिऱ्हाडं आहेत. वर्षभरापूर्वी आजोबांनी आमच्या दुकानातून मोठ्या माणसांचे डायपर नेले आणि स्वतःचा नंबर दिला. आठवड्याने त्यांच्या मोबाईलवर आमचा मेसेज आला, ‘आपल्या आवडत्या डायपरवर खास आपल्यासाठी दोनावर एक मोफत’. तेव्हा मोबाईल होता नातवाच्या हातात. त्याने तो पाहुण्यांच्या भरल्या ताटांसमोर खड्या आवाजात वाचला. त्याचं वाचन चांगलं आहे, आजोबा म्हणाले. ते आठ दिवस दाराबाहेर पडले नाहीत. तेव्हा या मुलीने त्यांना सांगितलं, आजोबा, यापुढे माझा नंबर द्या. माझ्याकडे मेसेज आले तर येऊ देत, मी ते उघडतच नाही. मग वरच्या मजल्यावरच्या काकूंनी केसांच्या रंगासाठी तोच नंबर दिला (काकांना बारा वर्षं वाटतंय की ते केस मूळचे आहेत), मग जिन्याशेजारच्यांनी उवांसाठी, आणि हळूहळू सगळी इमारत त्या एका नंबराच्या छत्रीखाली आली. गरोदर होती ती तिसऱ्या मजल्यावरची नवी सून, जिने अजून सासूलाही सांगितलं नव्हतं. आणि मी ते भर दुकानात, उघड्या दारात उभं राहून जाहीर केलं होतं.

चष्मेवाली ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातली काच पुसून डब्यात ठेवली आणि विचारलं, “तू माझी यादी वाचलीस?”

मी म्हटलं, “तुझी नव्हती ना ती!”

“तुला ती माझी वाटत होती. तेव्हा वाचलीस.”

ती म्हणाली, आता जा, आणि पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस. आजोबा म्हणाले, “मी तिसरी ओळ वाचू का?”

परत आलो तर फार्मासिस्ट बाईंनी विचारलं, काय रे, तोंड असं का? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, अरे, त्या नंबरावर सगळी इमारत घेते, मला पहिल्यापासून माहीत आहे, विचारायचं होतंस! (आत्या, जगातली सगळी खरी माहिती अशा बायकांकडे असते आणि ती कुठल्याच कॉम्प्युटरात नसते.) त्याहून वाईट पुढे झालं. डेटासाहेबांनी बोलावलं आणि एक कागद समोर सरकवला. कोण कुणाची यादी केव्हा उघडतं याचीही यंत्र यादी ठेवतं म्हणे! त्या एका नंबरापुढे माझं नाव त्रेचाळीस वेळा होतं, वेळेसकट. साहेबांनी विचारलं, हे कामासाठी का? मी म्हटलं, माझ्यावर पाळत ठेवता? लाज नाही वाटत? माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं तेव्हा मी कागद साहेबांकडे परत सरकवला. एक मेमो मिळाला. तो मी जपून ठेवलाय.

पंधरा दिवस मी समोरच्या दुकानाकडे बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण खालमानेने. यादी मात्र एकदाही उघडली नाही. मग एका सकाळी यादीच आपण होऊन माझ्यासमोर आली. हेड ऑफिसचा लाल इशारा होता: एकाच ग्राहकाने चार दिवसांत ओआरएसची चौसष्ट पाकिटं आणि जुलाबाच्या गोळ्यांच्या तेरा पट्ट्या नेल्या, साठेबाजीचा संशय, या नंबराला विक्री बंद करा. नंबर तिचाच. साहेब म्हणाले, एकतर ही बाई काळाबाजार करते, नाहीतर हिच्या पोटाचं काही खरं नाही. ते बंदचं बटण दाबणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. (याचा वेगळा मेमो मिळाला.) कारण आमच्या दुकानात दोनच माणसांना, म्हणजे मला आणि फार्मासिस्ट बाईंना, ठाऊक होतं की हा एक ग्राहक नाही. ही बावीस बिऱ्हाडं आहेत आणि ती सगळी एकदम आजारी पडली आहेत. मी शेजारच्या दोन इमारतींची विक्री काढली. जुलाबाची एक गोळी नाही. म्हणजे रस्त्याचं पाणी चांगलं, बिघाड इमारतीच्या आत. आत्या, मी दुसऱ्यांदा रस्ता ओलांडला. सायकलवाला तोच होता. या वेळी त्याने स्वतःच ब्रेक मारला.

ती दुकानात होती, चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. मला बघून म्हणाली, “परत यादी वाचलीस?” मी म्हटलं, “वाचली. पण आज ती इमारतीची म्हणून वाचली. तुमच्या टाकीचं पाणी पिऊ नका.” ती दुकानाला कुलूप लावून माझ्यासोबत निघाली. प्रत्येक घराला वाटत होतं की आपल्याच घरी शिळं काहीतरी खाल्लं गेलं, आणि लाजेने कुणी कुणाला बोललं नव्हतं. आम्ही बावीस दारं वाजवली. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला उभं राहवत नव्हतं. सासूबाई आणि मी तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. (सासूबाईंना गोड बातमी तोवर कळली होती, कुणामुळे ते मी सांगत नाही. त्यांनी मला दवाखान्याच्या दारापर्यंत एक शब्द बोलू दिला नाही.) सून चार दिवस दवाखान्यात होती. आता ती आणि पोटातलं बाळ दोघंही ठीक आहेत. त्या चार दिवसांत मला जेवण गेलं नाही. वरती दोन वेळा जेवतो लिहिलंय ते त्यानंतरचं आहे. पाणीखात्याचा माणूस आला, त्याने जमिनीखालच्या टाकीत बॅटरी मारली. शेजारून जाणारा सांडपाण्याचा पाइप चिरला होता आणि टाकीत पाझरत होता.

मग काय, मी हिरो! निदान हेड ऑफिसचा. तिथे त्यांना साक्षात्कार झाला की आपली माहिती जीव वाचवते. साहेबांनी माझ्या हातात टॅब दिला: इमारतीत जा, प्रत्येक माणसाचा खरा नंबर घे, कुणी काय नेलं ते त्याच्या नावावर चढव, आता त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे. आत्या, मला क्षणभर ते पटलं. उद्या पुन्हा काही झालं तर? मी टॅब घेऊन तिच्याकडे गेलो. तिने तो बघितला आणि एवढंच म्हणाली, “पाणी खराब आहे हे कळायला आजोबांची कवळी कशाला लागते? इमारतीचा नंबर पुरत नाही?”

मी टॅब साहेबांच्या टेबलावर आपटला. (हळू आपटला. काच महाग असते असं साहेबांनी आधीच सांगितलं होतं.) म्हटलं, इमारत लिहा, मजला लिहा, माणूस लिहू नका, नाहीतर मी चाललो. साहेब म्हणाले, तू चालता होतोस हे मला तुझ्या कॉलेजवरून ठाऊक आहे, बस खाली. आणि नवल म्हणजे त्यांनी हेड ऑफिसला लिहिलं. उत्तर आलंय. यापुढे नंबर न देताही सवलत मिळेल, फक्त ते पावतीच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलंय. ते अक्षर चष्मेवालीच्या तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीपेक्षा बारीक आहे. तिने मोजून सांगितलं. म्हणून मी आता काउंटरशी उभा राहून ते मोठ्याने वाचतो. त्याचाही मेमो येईल.

तुमचा गुडघा सांभाळा. कॉलेजचं मी पुढच्या सत्रात बघतो, असं म्हणायची माझी तयारी आहे.

तुम्हीच अक्षर गिरवायला शिकवलेला,
तुमचा वाया गेलेला (पण पुरता नव्हे) भाचा

ता. क. : ‘तिने मोजून सांगितलं’ हे वाचून तुम्ही चष्मा वर सरकवला असेल. हो, ती बोलते. पण तिचं म्हणणं असं की, तू माझं वर्षभराचं वाचलंस, मी तुझं काहीच वाचलेलं नाही, हा न्याय नव्हे. मी म्हटलं, विचार काय ते. ती म्हणाली, तू सांगशील ते तुझ्या सोयीचं सांगशील. तुला लहानपणापासून ओळखणारं आणि तुझी बाजू न घेणारं कुणी आहे का? बाजू न घेणारं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच मूर्ती आली. तिला तुम्हाला फोन करायचाय. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं, बाकीचा मजकूर ओघात आला.

ता. क. दुसरा : तिने विचारलं तर कविता, एकतीस टक्के, आणि सातवीत मी वर्गशिक्षिकेला लिहिलेलं पत्र, या तीन गोष्टी कृपया गाळा.

ता. क. तिसरा : दुसरा ता. क. खोडायचा होता, पण खाडाखोडीचे तुम्ही मार्क कापता म्हणून तसाच ठेवला. काही गाळू नका. ती विचारेल तेवढं सगळं सांगा. गरजेपेक्षा जास्त ती विचारणार नाही, एवढं मी आता तिला ओळखतो.

ता. क. शेवटचा : मी तुमचा नंबर चिठ्ठीवर लिहून तिला द्यायला गेलो होतो. तिने चिठ्ठी उघडलीसुद्धा नाही. विचारलं, “आत्यांना विचारलंस का?” मी म्हटलं, त्या नाही म्हणणार नाहीत. तिने चिठ्ठी तशीच घडी घालून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, त्यांच्या अक्षरात ‘हो’ आल्याशिवाय मी फोन करणार नाही. तेव्हा आत्या, होकार असेल तर एका ओळीत, सहीनिशी, ताबडतोब लिहून पाठवा. नकार असेल तर मात्र लिहू नका, फोन करा. ऐकू नीट आलं नाही असं मला तिला सांगता येईल.